पाखाडी उघडी, पाहुणे जेट्टीवर

माझ्या पिशवीत पाच किलो काळा गूळ, किलोभर हिरडा आणि दोनशे स्टीलचे स्क्रू आहेत. वेसाव्याच्या जेट्टीवर फळीवरून बोटीत उतरताना पिशवी एका बाईच्या पाटीला घासते. ती वाकून आत बघते.

"येवढा गूळ? लगीन हाय?"

"नाही. भिंतीला लावायचाय."

ती काही बोलत नाही, पाटी तेवढी दुसऱ्या बाजूला घेते.

मे महिन्याचा तिसरा शनिवार, सकाळचे साडेनऊ. अंधेरीहून मेट्रोने वर्सोव्याला आलोय. स्टेशनचं नाव वर्सोवा असलं तरी तिथे समुद्र दिसत नाही, दिसतो सात बंगल्याचा ट्रॅफिक. वेसावे गाव तिथून अजून रिक्षाने पुढे. बोटीत दोन स्कूटर, एक दुधाचा कॅन, शाळेच्या दप्तरासारख्या बॅगा लावलेली चार कॉलेजची पोरं आणि आम्ही पंधरावीस जण. इंजिन धडधडतं आणि पाच मिनिटांत पलीकडे. हेच मढ रस्त्याने गाठायचं तर आधी मालाड, मग मार्वे रोड, आक्सा, एरंगळ असा वीसेक किलोमीटरचा वळसा, आणि शनिवारी किती तास ते विचारू नये.

नकाशावर बघाल तर मी बेटावरूनच निघालोय. अंधेरी साष्टी बेटावर आहे. पण आठच्या लोकलला लोंबकळणाऱ्याला आपण बेटावर राहतो हे आठवत नाही. उलट मढला मालाडहून थेट बस जाते, तरी सगळे त्याला आयलंड म्हणतात. मधे बोट लागली की माणसाला बेट वाटतं, एवढंच त्यातलं भूगोलशास्त्र.

खाडीच्या तोंडाशी किल्ल्याचा काळा कोपरा दिसतो. पोर्तुगिजांनी बांधलेला, १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. आता हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे लोकांनी तो पाहिलाय तो बहुतेक सिनेमात.

मढच्या जेट्टीवरून गल्लीत शिरलं की वास आधी भेटतो. वलांड्यांवर बोंबील लटकलेत, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने, पण ओळी विरळ झाल्यात. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्याआधी आगोटीची बेगमी पुरी करायची म्हणून बायका सकाळपासून सुके बोंबील उतरवून पोत्यात भरताहेत. प्रत्येकीची एक नजर हातावर आणि एक आभाळावर. २०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत आला होता. नेहमीची तारीख ११ जून. तो दणका गल्लीत अजून कुणी विसरलेलं नाही.

मी ज्या घरी चाललोय तिथे तर नाहीच नाही.

घर गल्लीच्या टोकाला. ओटी, माजघर, वर माळा, मागे पडवी. अर्ध्या छपरावर कौलं आहेत आणि अर्ध्यावर आभाळ. समुद्राकडची पाखाडी पार उघडी पडलीय, वासे आणि रिपा बरगड्यांसारख्या दिसताहेत. आढ्याला पाठ लावून दादा बसलेत. हाफ पँट, डोक्याला ओला पंचा, कानावर पेन्सिल.

"स्क्रू कुठले आणलेस?" हा नमस्कार.

"तीनशे सोळा."

"पेटी दाखव."

मी पेटी वर धरतो. ते वरूनच डोळे बारीक करून वाचतात आणि मान हलवतात. मरोळच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला हा माणूस. इंच, मिलिमीटर त्याला कळतात, पण बोलतो सुतात. दार दोन सूत घासतंय, रीप एक सूत उठलीय. पहिल्या वर्षी त्यांनी साधे लोखंडी खिळे मारले, ते एका पावसाळ्यात फुगले आणि लाकूड उकललं. मग स्टेनलेस आणले, ३०४ नंबरचे. त्यांच्यावरही दीड वर्षात चहाचे शिंतोडे उडावेत तसे तपकिरी ठिपके आले. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत तेच टिकतं, हे त्यांना नोकरीपासून माहीत होतं. "पण घरासाठी कोण एवढा खर्च करतो, असं वाटलं," ते सांगतात. "मशीनला मात्र मागितलं असतं."

वहिनी मागच्या पडवीत, कानाला फोन. घर त्यांच्या माहेरचं. वडील तांडेल होते. भाऊ चारकोपला फ्लॅट घेऊन गेले, घराला कुलूप लागलं. वहिनी लग्न होऊन अंधेरीला आल्या आणि मच्छीबाजारात वीस वर्षं बसल्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईला घासून गेलं, तेव्हा या घराची हीच पाखाडी उडाली. भाऊ म्हणाले, पाडू आणि विकू. वहिनी म्हणाल्या, मला द्या. दादा त्याच वर्षी रिटायर झालेले. एका साताऱ्याकडच्या माणसाने म्हातारपणी कोळीवाड्यात घरजावई व्हावं, यावर गल्लीने पहिले सहा महिने मनसोक्त करमणूक करून घेतली. नंतर त्याच गल्लीतल्या बोटींचे पंखे-शाफ्ट दादांकडे तपासायला यायला लागले, तशी थट्टा आटोपली.

आता घरात पाहुण्यांच्या तीन खोल्या आहेत. निवास आणि न्याहारी योजनेचा फलक ओटीवर टांगलाय. दादा 'पाहुणे' म्हणतात, वहिनी 'गिऱ्हाईक'. एवढ्या एका शब्दावरून या घरातली निम्मी भांडणं होतात.

"पाच वाजता या," वहिनी फोनवर सांगताहेत. "हां, सी फेसिंगच हाय." मग वर उघड्या पाखाडीकडे बघतात. "एकदम सी फेसिंग."

फोन ठेवतात. "भावजी, पवईची जोडी हाय. आणि बोरिवलीचं एक कुटुंब, चार मानसं. आवो, ऐकताय का, पाचला येतात!"

"पाचला छप्पर होत नाही."

"मग कवा होतंय?"

"उद्या दुपारी."

"त्यांना काय सांगू, डोक्यावर छत्री घेऊन झोपा?"

मी गूळ खाली ठेवतो आणि मधे पडत नाही.

दादांचं म्हणणं सरळ आहे. शाकारणी म्हणजे कौल उतरवायचं, शेवाळ खरवडायचं, वाजवून बघायचं, रीप तपासायची, मग परत लावायचं. घाई केली की एक तडकलेलं कौल आत राहतं आणि जुलैत ते तुमच्या गादीवर हजेरी लावतं. वहिनींचं म्हणणंही सरळच आहे. शनिवार-रविवारच्या पैशावर हे घर चालतं, सोमवारी कुणी येत नाही, आणि जूनपासून चार महिने तसेही हाल आहेत. वारा वाढला की बोट बंद ठेवतात. मग मालाडच्या वळशाने कोण येतंय?

दोघांचंही खरं, म्हणून दोघंही हटत नाहीत. तोडगा म्हणून मला कामाला लावतात.

माझं काम ओटीवर. उतरवलेली कौलं भिंतीला टेकवून उभी केलीत. एकेक घ्यायचं, काथ्याने घासायचं, डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकायचं. चांगलं कौल टण्‌ करून वाजतं, घंटेच्या नात्यातलं. तडकलेलं बद्द बोलतं, दिसायला दोन्ही सारखी. कौल दोन-अडीच किलोचं असतं, पण पन्नासाव्याला ते पाच किलोचं होतं. पाठीमागे छाप आहे. मऊ झालेली इंग्रजी अक्षरं, बासेल मिशन टाइल वर्क्स, आणि खाली १८६५. आधी हे दोघं येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगायचे, आमची कौलं १८६५ ची. मग आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीने सांगितलं, ते साल कौलाचं नव्हे. मंगळुरात स्विस मिशनने कौलांचा कारखाना काढला त्याचं. छाप पुढे कित्येक वर्षं तोच. वहिनींना अजून पटलेलं नाही. "मग वर काढलंच कशाला साल? गिऱ्हाईकाला फसवायला?"

अकरा वाजता चहा आणि तांदळाची भाकरी, वर जवळ्याची चटणी. चहा पिता पिता दादा मला माजघराच्या भिंतीपाशी नेतात, कारण गूळ आलाय.

या भिंतीने त्यांना पहिल्या दोन वर्षांत पुरतं रडवलं. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं तसं त्यांनी जुना भुसभुशीत चुना खरवडून टाकला आणि मस्त घट्ट सिमेंटचा गिलावा केला, वर प्लास्टिक पेंट. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला फोड आले. दुसऱ्यात गिलावा पापडासारखा सुटून पडला आणि मागे पांढरा लोणा फुललेला. दादांनी एक कोपरा मुद्दाम तसाच ठेवलाय, शाळेत सांगाडा ठेवतात तसा. नखाने टोकरलं की पांढरी पूड पडते. वहिनी बोटावर घेऊन जिभेला लावतात. "मीठ. चाखा."

चाखतो. खारटच.

शेवटी वसईकडचा एक म्हातारा गवंडी आला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, हिचं तोंड का बांधलंत? जुनी भिंत खालून ओल पिते. चुना ती बाहेर सोडतो. सिमेंटने वाट अडवली की पाणी आत अडतं, सुकताना मिठाचे खडे धरतं, आणि ते खडे गिलाव्याला मागून ढकलतात. त्याने सगळं सिमेंट फोडायला लावलं. केलेला खर्च फोडायला परत खर्च. दादांनी तो आकडा मला कधी सांगितला नाही. वहिनींनी तीनदा सांगितलाय.

मागच्या पडवीत निळी पिंपं आहेत. झाकण उघडलं की वर वीतभर स्वच्छ पाणी आणि खाली चुना. कळीचा चुना विझवून, गाळून, गेल्या दिवाळीपासून पाण्याखाली ठेवलेला. दादा कोपरापर्यंत हात घालून मूठभर वर काढतात. लोण्यासारखा, बोटांतून गळत नाही. सिमेंटची गोणी सहा महिने ठेवली तर दगड होते, आणि हा जितका मुरेल तितका गोड. हिरडा कुटून रात्रभर भिजवायचा, गूळ पाण्यात विरघळवायचा, ते पाणी चुन्या-वाळूत मळायचं. वाळू मात्र गोड्या पाण्याची. दारासमोर समुद्रभर वाळू पडलीय आणि हे पैसे देऊन लांबून आणतात, याचं वहिनींना दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

"गुळाने काय होतं?" मी विचारतो.

"मुंग्या येतात," वहिनी म्हणतात.

दादा हसतात. "चुना चालायला मऊ होतो. थापीला ऐकतो. मुंग्या पण येतात."

हात धुताना ते आणखी एक सांगतात. मागच्या वर्षी एका मालिकेचं युनिट आलं होतं. दहा दिवसांचं भाडं एवढं देत होते की वर्षाची चिंता मिटली असती. त्यांना फक्त माजघर जांभळ्या ऑइलपेंटने रंगवायचं होतं, नंतर पुन्हा पांढरं करून देऊ म्हणाले. मढमध्ये शूटिंगला घर देणं हा रीतसर धंदा आहे, अर्ध्या बंगल्यांचं त्यावरच चालतं. दादा नाही म्हणाले. वहिनी त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. आता त्या बाजूने बोलतात की विरुद्ध, हे बघायला मी वळतो, तर त्या कोळंबी सोलताहेत आणि मान वर करत नाहीत.

साडेतीनला हवा थांबते. बोंबलांचा वास जागच्या जागी उभा राहतो. वसईच्या बाजूला आभाळ शिशाच्या रंगाचं झालंय. गल्लीत कुणीतरी ओरडतं आणि पुढच्या क्षणी सगळा मढ धावायला लागतो. वलांड्यांवरचे बोंबील ओंजळीओंजळीने ओढले जाताहेत, जाळ्यांवर प्लास्टिक पडतंय, शेजारची म्हातारी सुपात वाळत घातलेला मसाला छातीशी धरून आत पळतेय.

दादा छपरावर उभे राहतात. उरलीत सत्तर-ऐंशी कौलं.

"दे!"

शिडीवर मी, खाली वहिनी. कौल वहिनींच्या हातातून माझ्या, माझ्या हातातून दादांच्या. खालची ओळ आधी, मग तिच्यावर वरची, खाचेत खाच. आता वाजवून बघायला वेळ नाही. मी एक कौल देता देता सवयीने ठोकतो, ते बद्द वाजतं. क्षणभर थांबतो.

"दे ना!" वरून.

"तडकलेलं आहे."

"मग बाजूला ठेव, दुसरं दे!"

"हायत किती दुसरी?" खालून वहिनी. "मोजलीत का? लावा ते. आज लावा, उद्या काढा."

दादा खाली बघतात. तीस वर्षं सुताचा फरक पडला म्हणून माल परत पाठवलेला माणूस. आभाळ गुरगुरतं. ते हात पुढे करतात, तडकलेलं कौल घेतात, पेन्सिलीने त्यावर फुली मारतात आणि लावतात.

तेवढ्यात फोन. वहिनी कौल खाली ठेवून पदराला हात पुसतात. "आलात? मढच्या जेट्टीवर? थांबा थांबा, रिक्षा करू नका, मी पोरगा पाठवते." पाच नव्हे, सव्वाचार वाजलेत.

पवईची जोडी आधी पोचते. पंचविशीतली, दोघांच्या पाठीला बॅगा, मुलीच्या हातात चपला कारण जेट्टीवर एक भिजली. त्यांना वाटतं, शिडीवरचा मी मजूर. मुलगा हळूच वहिनींना विचारतो, "आंटी, आम्ही मॅरिड नाही आहोत. चालेल ना?" हे त्याने आल्या आल्या विचारण्याला कारण आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी मढ आणि आक्साच्या हॉटेलांवर छापे घालून चाळीसेक जोडप्यांना चौकीवर नेलं होतं, सज्ञान, खोलीत स्वतःच्या पैशाने राहिलेल्या माणसांना. केवढा गदारोळ झाला. या मुलाचं तेव्हा शाळेचं वय असेल, पण मढ म्हटल्यावर हा प्रश्न त्याला कुणीतरी शिकवून ठेवलाय. दादांचाही सुरुवातीला विरोध होता, म्हणायचे फॅमिलीच घेऊ. तेव्हा वहिनींनी त्यांना सुनावलं होतं, "फॅमिली होयाच्या आधी मानूस काय असतो?"

आता त्या एवढंच म्हणतात, "दोघांची आधार कार्डं दे. वय भरलं का बघते. बाकी माझं काय काम?" चष्मा लावून रजिस्टरमध्ये नावं उतरवतात, एकेक अक्षर, मच्छीच्या हिशेबाच्या वहीत लिहीत असत तसं.

बोरिवलीचं कुटुंब येतं तोवर पहिले थेंब पडलेत. टपोरे, कौलावर नाणी टाकल्यासारखे. आढ्यावरची शेवटची तीन कौलं राहिलीत आणि दादा त्यांच्यावर पालथे पडून ती बसवताहेत. लहान मुलगी अंगणात उभी राहून वर बघते आणि विचारते, "हे आजोबा नेहमी तिथे असतात?"

"पावसाच्या आधी असतात," वहिनी सांगतात.

वळीव वीस मिनिटं कोसळतो. ओटीवर सगळे दाटीवाटीने उभे. पवईची मुलगी हात बाहेर काढून भिजवते. बोरिवलीचे गृहस्थ वायफायचा पासवर्ड विचारतात, मग वेसाव्याहून मढला होणाऱ्या पुलाचं विचारतात. पूल झाला म्हणजे तुमचं काय जोरात चालेल, नाही का? दादा हो म्हणतात. त्यांना पूल हवाय, दवाखान्यासाठी, सामानासाठी. वहिनी कोळंबीचा टोप उतरवता उतरवता म्हणतात, "पूल झाला की लोक जेवतील आणि गाडीत बसून घरी जातील. बोट चुकते म्हणून रातचे राहतात ना."

हे मी आधी कुणाकडून ऐकलेलं नाही. अहवाल लिहिणारा कुणी ते लिहीलसं वाटत नाही.

रात्री जेवणं उशिरा होतात. कोळंबीचं कालवण, भाकरी, तळलेले ओले बोंबील. लहान मुलगी फक्त भात आणि पापड खाते. पाऊस थांबलाय तरी वारा आहे, शेवटची बोट मी सोडून दिलीय. खोल्या तिन्ही भरलेल्या. पवईची जोडी आणि बोरिवलीचे जुन्या पाखाडीखाली, तिकडे गळत नाही. मला समुद्राकडची जागा, नव्या पाखाडीखाली, माळ्यावर. "तू घरचाच," दादा म्हणतात, त्यातला अर्थ मला दीड वाजता कळतो.

पाऊस परत आलाय, बारीक. माझ्या कानाशी टप. थोड्या वेळाने परत टप. उशी चाचपतो, ओली. उठून बसतो तर शिडी करकरते आणि दादा बॅटरी घेऊन वर येतात. झोपलेच नव्हते.

"फुलीवालं?"

"तेच असणार."

ते बॅटरी आधी वर नेतात, मग खाली फळ्यांवर. माझी गादी बाजूला सारतात. खाली खडूने काढलेली वर्तुळं आहेत, पाच-सहा, काही अर्धवट पुसलेली. प्रत्येकात तारीख. एकात २६-५-२५, ठळक, दोनदा गिरवलेली. दादा खिशातून खडू काढतात, थेंब पडेपर्यंत वाट बघतात. पडतो. त्याच्याभोवती वर्तुळ काढतात, आत आजची तारीख घालतात, आणि टेप लावून भिंतीपासूनचं अंतर मोजतात.

"चार फूट सात इंच दोन सूत," ते म्हणतात. "लिहून घे."

खालून वहिनींचा आवाज येतो. "आवो, मोजताय काय! त्यांना कोरडी गादी द्या आधी."